आपली पोरं

"तू इथली नाहीस. तुला नाही कळायचं ते."

मिनेसोटातल्या आमच्या शेजारचे आजोबा माझ्याकडे न बघताच हे बोलले. टीव्हीचा आवाज त्यांनी बंद केला होता. पडद्यावर क्विनिपिॲक विद्यापीठाची पोरं हातमोजे, हेल्मेटं, स्टिका मिळेल तिकडे भिरकावत एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि मिनेसोटाची पोरं उभी होती तिथेच गुडघ्यांवर बसली होती. ८ एप्रिल २०२३ ची रात्र, कॉलेज आइस हॉकीची फायनल, आणि तीही कुठे, तर फ्लोरिडातल्या टॅम्पाला, जिथे बर्फ बहुतेकांना फक्त सरबतात भेटतो. एकेकाळी २-० अशी मिनेसोटाची आघाडी होती. मग २-१. मग शेवटची तीन मिनिटंही उरली नसताना क्विनिपिॲकने गोलकीपर बाहेर काढून एक जास्तीचा खेळाडू मैदानात उतरवला आणि बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये जो पहिला गोल करेल तो जिंकला. मी कप टेबलावर ठेवायला वाकले, मान वर केली, तर सगळं आटपलेलं. "संपली?" एवढंच मी विचारलं. दहा सेकंद लागले होते. फेसऑफपासून, म्हणजे चकती टाकून खेळ सुरू होण्यापासून, जाळीपर्यंत दहा सेकंद.

आजोबा ते वाक्य रागाने म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, लहान मुलाला 'मोठी झालीस की कळेल' म्हणतात तसं. आणि हे गृहस्थ काही असे-तसे नव्हेत. रात्रभर बर्फ पडला की सकाळी उजाडायच्या आत आमच्या ड्राइव्हवेवरून त्यांचा स्नोब्लोअर फिरून गेलेला असतो. आमच्या गणपतीला ते दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि मोदक सगळीकडून निरखून मगच खातात. माझी मुलगी बर्फावर उभी राहायला शिकली ती त्यांच्या परसातल्या रिंकवर. त्यामुळे ते वाक्य घरी येताना माझ्याबरोबर आलं, आणि राहिलं.

त्या परसातल्या रिंकबद्दल सांगायलाच हवं. डिसेंबरात पारा शून्याखाली चांगला दहा-पंधरा गेला की आजोबा रात्रीचे नळी घेऊन बाहेर पडतात. आधी पाय आपटून आपटून बर्फ दाबायचा, मग त्यावर पाण्याचा पातळसा थर, तो गोठला की दुसरा, मग तिसरा. घाई करून एकदम भरपूर पाणी ओतलं तर वर पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी राहते, स्केट त्यात रुतलं की पोराचा घोटा गेलाच. म्हणून रात्री-अपरात्री उठून थर द्यायचे. नळीतलं पाणी गोठू नये म्हणून प्रत्येक वेळी ती ओढत तळघरात न्यायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तेव्हा कपाळावर दिवा बांधलेला हा सत्तरी ओलांडलेला माणूस नळीच्या तोंडावर अंगठा धरून उभा असतो आणि पाण्याचा बारीक फवारा जमिनीवर पडताना वाळूसारखा आवाज करतो. नातवंडं आता मोठी झाली. रिंक मात्र दरवर्षी होतो.

ते मूळचे ईव्हलेथचे. मिनेसोटाच्या उत्तरेला लोखंडाच्या खाणींचा जो पट्टा आहे त्यातलं हे गाव, वस्ती काही हजारांची. अमेरिकेचं हॉकी हॉल ऑफ फेम न्यूयॉर्कला नाही, बॉस्टनला नाही, या गावात आहे, आणि चौकात शंभर फुटांहून लांब हॉकीची काठी उभी केलेली आहे. खाणीत काम करायला युरोपातून आलेले इटालियन, स्लोव्हेनियन, फिनिश लोक आणि त्यांची इथे जन्मलेली पोरं. त्यांतलाच एक जॉन मरियुची, इटालियन घरातला. शिकागोच्या संघाकडून व्यावसायिक हॉकी खेळला, मारामाऱ्यांसाठी गाजला, आणि १९५२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा कोच झाला. आजोबांच्या घरात देवांच्या तसबिरी नाहीत, मरियुचींचा फोटो आहे.

मरियुचींचं म्हणणं असं की आपल्या राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात आपल्या राज्यातली पोरं खेळली पाहिजेत. आज हे ऐकायला साधं वाटतं. तेव्हा हा वेडेपणा होता, कारण कॉलेज हॉकी म्हणजे कॅनडाची पोरं, असंच समीकरण होतं. ही स्पर्धा सुरू झाली तीच मुळी त्या समीकरणावर. १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर हॉटेलच्या रिंकवर पहिली स्पर्धा भरली. एका बड्या हॉटेलची घोडेस्वारीची जागा, तिचं बर्फाचं मैदान केलेलं. हॉटेलवाल्यांनी यजमानपण घेतलं, चार संघ बोलावले. मिशिगन, डार्टमथ, बॉस्टन कॉलेज आणि यजमान गावाचं कोलोरॅडो कॉलेज. फायनलला मिशिगनने डार्टमथला ८-४ असं हरवलं. मिशिगनच्या त्या संघात बहुतेक कॅनडियन. पुढची दहा वर्षं स्पर्धा तिथून हललीच नाही. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, हॉटेलात, चार संघ. आता सोळा संघ असतात, शेवटच्या चारांना 'फ्रोझन फोर' म्हणतात (हे नाव १९९९ पासूनचं) आणि एनबीएच्या, एनएचएलच्या (व्यावसायिक बास्केटबॉल आणि हॉकीच्या) अवाढव्य स्टेडियममध्ये सामने होतात. २०१० ची फायनल तर डेट्रॉइटच्या फुटबॉल स्टेडियममध्ये झाली, ३७ हजारांवर लोक. मला मात्र ते घोड्यांच्या जागेतलं पहिलं दशक जास्त ओढ लावतं. जुने फोटो बघितले तर खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट नाही, केस व्यवस्थित विंचरलेले, जसे काही सामन्यानंतर थेट लग्नाला जायचंय.

मरियुचींच्या संघात जॉन मायासिच नावाचा एक चमत्कार होता, तोही ईव्हलेथचाच. शाळेत असताना त्याचा संघ चार वर्षं एकही सामना हरला नव्हता. १९५३ ला मिनेसोटा फायनलला पोचली आणि मिशिगनकडून हरली. १९५४ ला सेमीफायनलमध्ये बॉस्टन कॉलेजला १४-१ असं धुतलं. १४-१! फायनलला समोर कोण, तर न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचं रेन्सेलिअर, म्हणजे आरपीआय, इंजिनिअर घडवणारं एक लहानसं कॉलेज. निकाल आधीच लागल्यासारखा होता. आणि ओव्हरटाइममध्ये आरपीआय ५-४ ने जिंकलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या संघाचा कोच नेड हार्कनेस. जन्म ओटावाचा. म्हणजे कॅनडा. संघातही कॅनडाची पोरं.

ही आजोबांच्या मनातली पहिली नोंद. तेव्हा ते जेमतेम शाळेत जायला लागले असतील, पण घरात रेडिओभोवती बसलेली मोठी माणसं आणि नंतरची शांतता त्यांना आठवते म्हणतात. आठवते की ऐकून ऐकून आठवल्यासारखी झाली आहे, कोण जाणे.

मग आलं डेन्व्हर. मरे आर्मस्ट्राँग हा सस्कॅचेवानचा माणूस तिथे कोच झाला आणि कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये पुरेसे मुरलेले, वयानेही थोराड खेळाडू घेऊन आला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांपुढे हे बाप्ये. मरियुची भडकले. भांडण इतकं पेटलं की १९५८ मध्ये पश्चिमेकडची सगळी लीगच मोडली. आणि नशिबाची थट्टा बघा, त्याच वर्षी ही स्पर्धा पहिल्यांदा ब्रॉडमूरबाहेर आली ती मिनियापोलिसला, मरियुचींच्या स्वतःच्या रिंकवर. फायनल कोणाची? डेन्व्हर आणि नॉर्थ डकोटा. दोन्हीकडे कॅनडियनांचा भरणा. डेन्व्हर ६-२ ने जिंकलं, त्यांचं पहिलं विजेतेपद. पुढे कित्येक वर्षं मरियुचींनी डेन्व्हरशी सामना ठेवायलाच नकार दिला. डेन्व्हरचं काही अडलं नाही. आज त्यांची विजेतेपदं मिशिगनपेक्षाही जास्त आहेत, २०२४ ला त्यांनी दहावं घेतलं आणि तेही सेंट पॉलला, आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर, नाकावर टिच्चून.

मी कोल्हापूरची. हा वाद माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पेठेची तालीम, तालमीचा संघ, शाहू स्टेडियमवर सामना, आणि सामना हरलात तर रात्री दुसऱ्या पेठेतून गाडी नेताना हेडलाइट मंद करायचा. माझे अप्पा तरुणपणी खेळायचे. पुढे त्या संघांमध्ये आफ्रिकेतले खेळाडू दिसायला लागले तेव्हा आमच्या घरातही हीच भाषा होती. पेठेत पोरं संपली काय? पैसे देऊन आणलेल्याला गल्लीचं काय सोयरसुतक? आठवडाभर अप्पा तणतणत होते. मग त्यातल्याच एका नायजेरियन पोराने शेवटच्या मिनिटाला हेडरने गोल मारला, आणि त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत अप्पा होते. त्या रात्री त्याला आमच्या घरी जेवायला आणलं. पांढरा रस्सा तो वाटीला तोंड लावून प्यायला आणि आजीने त्याला तीनदा वाढला. पुढच्या मोसमात तो दुसऱ्या तालमीकडे गेला तेव्हा अप्पा म्हणाले, "बघ, शेवटी बाहेरचाच."

त्यामुळे आजोबा तावातावाने मरियुचींची बाजू मांडतात तेव्हा मला त्यांचं खोटं वाटत नाही. गावातल्या पोराला संधी मिळाली पाहिजे, हे खरंच आहे. मरियुचींनी गावोगाव फिरून शाळांमध्ये रिंक व्हावेत म्हणून खटपट केली आणि आज या राज्यात जिकडेतिकडे रिंक आहेत, मुलींचेही संघ आहेत, मार्चमधली शालेय स्पर्धा टीव्हीवर लागते आणि पोरांच्या मानेवर रुळणाऱ्या केसांची वेगळी चर्चा होते, त्यात त्या हट्टाचा वाटा मोठा आहे. पण याच मरियुचींच्या संघात लू नॅनी होता. कॅनडातल्या ऑन्टॅरिओचा. मरियुचींचा कॅप्टन झाला, पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, १९६८ च्या ऑलिंपिकला अमेरिकेकडून खेळला, आणि मग त्याच शालेय स्पर्धेची कॉमेंट्री कित्येक दशकं केली. मिनेसोटात लू नॅनीला कोणी परका म्हणून दाखवावं. मी हे नाव काढलं की आजोबा हात झटकतात. "लू वेगळा." वेगळा कसा ते मात्र आजवर सांगितलेलं नाही.

मरियुचींना विजेतेपद कधीच मिळालं नाही. ते त्यांच्या हाताखाली खेळलेल्या हर्ब ब्रूक्सने मिळवलं, १९७४ ला, बॉस्टन गार्डनमध्ये, मिशिगन टेकला हरवून, जवळजवळ सगळी घरची पोरं घेऊन. मग १९७६, मग १९७९. सलग तीन वर्षं फायनलला हेच दोन संघ, मिनेसोटा आणि मिशिगन टेक. मधल्या १९७५ ला टेकने ६-१ असा चोप दिला. १९७६ च्या सेमीफायनलला बॉस्टन युनिव्हर्सिटीबरोबर सुरुवातीलाच जी हाणामारी झाली तिचं वर्णन आजोबा अजून उभं राहून करतात. चार वर्षांनी त्याच दोन कॉलेजांची पोरं एका संघात होती. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या वीस जणांत नऊ मिनेसोटा विद्यापीठाचे, चार बॉस्टन युनिव्हर्सिटीचे, आणि कोच ब्रूक्स. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही.

१९७९ नंतर तेवीस वर्षं काही नाही.

२००२ ला स्पर्धेची फायनल सेंट पॉललाच होती. आम्ही तेव्हा अजून पुण्यात होतो. हे सगळं मी आजोबांच्या दिवाणखान्यात, जुन्या रेकॉर्डिंगवर पाहिलं. मिनेसोटाच्या त्या संघात झाडून सगळी पोरं मिनेसोटाची. एक सोडून. समोर मेन राज्याच्या विद्यापीठाचा संघ. निर्धारित वेळेचं शेवटचं मिनिट चालू असताना मिनेसोटा एका गोलने मागे, तेव्हा कोअल्स्काने बरोबरी केली. कॅमेरा हलतोय इतका आवाज. ओव्हरटाइम. पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर. जाळीसमोर गर्दी, कोणाचा पाय कोणाची काठी कळत नाही, आणि त्या गर्दीतून ग्रँट पोटुल्नीने ती काळी चकती आत ढकलली. पोटुल्नी म्हणजे तोच, एक सोडून. नॉर्थ डकोटाचा, ग्रँड फोर्क्सचा, ज्या गावच्या विद्यापीठाशी मिनेसोटाचं विळ्या-भोपळ्याचं नातं आहे. पुढच्या वर्षी, २००३ ला, पुन्हा विजेतेपद, आणि त्या वर्षीचा हिरो टॉमस व्हॅनेक. ऑस्ट्रियाचा. सेमीफायनलला ओव्हरटाइममध्ये त्याचाच गोल, फायनलला विजयी गोलही त्याचाच.

आणि तेव्हापासून आजतागायत पुन्हा काही नाही.

हे मी एकदा आजोबांना असंच मांडून दाखवलं. पन्नास वर्षं घरच्या पोरांचा धोशा लावलात आणि इतक्या वर्षांनी कप आणला तो एका डकोटावाल्याने आणि एका ऑस्ट्रियनने. ते हसले. म्हणाले, तो गोल झाला तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली होती, बायको दुसऱ्या बाजूला असताना. गोल कोणी मारला हे त्यांना घरी आल्यावर कळलं होतं.

हरण्याच्या बाबतीत मात्र मिनेसोटाने एक शिस्त पाळली आहे. कुणातरी चिमुकल्या कॉलेजकडून हरायचं. २००६ ला मॅसॅच्युसेट्सच्या होली क्रॉसने त्यांना पहिल्याच फेरीत ओव्हरटाइममध्ये घरी पाठवलं, तेही ग्रँड फोर्क्समध्ये, जिथले प्रेक्षक होली क्रॉसचं नाव घेऊन घसा फोडत होते. २०१४ ची गोष्ट त्याहून कडू. सेमीफायनलला नॉर्थ डकोटाविरुद्ध १-१ अशी बरोबरी, मिनेसोटाचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर, आणि घड्याळात ०.६ सेकंद उरलेले असताना मिनेसोटाच्याच जस्टिन हॉलने गोल केला. पाऊण सेकंदसुद्धा नाही. आजोबा तो क्षण फोनवर ठेवून आहेत. दोनच दिवसांनी फायनलला युनियन कॉलेजने मिनेसोटाला ७-४ ने लोळवलं. युनियन म्हणजे न्यूयॉर्कमधल्या स्केनेक्टडीचं, दोन हजारांवर थोडीच मुलं शिकणारं कॉलेज. खेळाडूंना खेळाची शिष्यवृत्तीही देत नव्हतं. आता यातली गंमत अशी की स्केनेक्टडी आणि ट्रॉय ही शेजारशेजारची गावं, आणि युनियनमध्ये बंद पडलेली हॉकी १९७५ ला पुन्हा उभी केली ती नेड हार्कनेसने. तोच, १९५४ चा. मधल्या काळात त्याने कॉर्नेलला दोन विजेतेपदं मिळवून दिली होती, त्यातलं १९७० चं तर २९-० असं, एकही सामना न गमावता. म्हणजे मिनेसोटाच्या दोन जखमांवर एकाच माणसाच्या बोटांचे ठसे. हे मी शोधून काढलं तेव्हा धावत जाऊन सांगावंसं वाटलं होतं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

ही लहान कॉलेजं हाच मला या स्पर्धेचा खरा जीव वाटतो. बास्केटबॉलमध्ये, फुटबॉलमध्ये वरच्या दर्जाची शेकड्यांनी कॉलेजं आहेत. हॉकीत साठ-पासष्टच. त्यात थंड, कोपऱ्यातल्या गावांची कॉलेजं फार पूर्वीपासून आहेत, बाकी सगळ्या खेळांत खालच्या दर्जाला खेळणारी आणि फक्त हॉकीत थोरामोठ्यांच्या पंगतीला बसणारी. मिशिगन टेकचं होटन हे लेक सुपीरिअरच्या टोकाला, जिथे बर्फ खिडक्यांच्या वर जातो; तीन विजेतेपदं. लेक सुपीरिअर स्टेट, कॅनडाच्या सीमेवर, तीन. १९९४ ला त्यांनी बॉस्टन युनिव्हर्सिटीला ९-१ ने हरवलं होतं. नॉर्दर्न मिशिगनने १९९१ ला त्याच बॉस्टनला तीन ओव्हरटाइमनंतर ८-७ ने. आणि क्विनिपिॲक? त्यांचा कोच रँड पेकनोल्ड १९९४ ला आला तेव्हा शाळेत शिकवत शिकवत अर्धवेळ कोचिंग करायचा, संघाला सरावासाठी रिंक मिळायचा तो मध्यरात्री. वरच्या दर्जाला ते आले १९९८ ला. पंचवीस वर्षांत ते त्या दहा सेकंदांपर्यंत पोचले. हे दहा सेकंद घोटवून घेतलेले होते. फेसऑफवर कोणी कुठे जायचं, पक कोणाकडून कोणाकडे, सगळं ठरलेलं. गोल मारणारा जेकब क्विलन हा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. पण मिनेसोटाच्या जाळीत उभा असलेला जस्टन क्लोजही सस्कॅचेवानचाच होता, आणि त्याच्या पुढे खेळणाऱ्या नावाजलेल्या तिघांत एक पिट्सबर्गचा, एक चक्क ॲरिझोनातल्या फिनिक्सचा.

मुलींच्या स्पर्धेत हा घरचे-बाहेरचे गोंधळ सुरुवातीपासून नव्हताच, किंवा असला तरी कोणी मनावर घेतला नाही. त्यांची एनसीएएची (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची) स्पर्धा सुरू झाली २००१ ला, पुरुषांच्या त्रेपन्न वर्षांनंतर, त्यावरही एक वेगळा लेख होईल. पहिली तिन्ही विजेतेपदं मिनेसोटाच्याच उत्तरेतल्या डुलूथच्या विद्यापीठाने नेली. कोच शॅनन मिलर कॅनडाची, स्टार खेळाडू मारिया रूथ स्वीडनची. २००३ ची फायनल डुलूथमध्येच, हार्वर्डविरुद्ध, दोन ओव्हरटाइमपर्यंत गेली आणि विजयी गोल नोरा टालस या फिनलंडच्या मुलीने मारला. माझ्या मुलीच्या कोचच्या कपाटावर त्या संघाचा फोटो होता. मुलीला ती बारा वर्षांची असताना विचारलं होतं की यातल्या कोण कुठल्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आडनावावरून जात विचारली. "डुलूथच्या," ती म्हणाली.

त्या रात्रीनंतर आजोबा दोन-तीन दिवस दिसले नाहीत. मग दिसले ते कचऱ्याचा डबा ओढताना, आणि नेहमीसारखं हवामानावर बोललो. त्या वाक्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांना ते आठवतही नसेल. मला अजून ठरवता येत नाही की ते चुकीचं बोलले का. १९५४ चा रेडिओ माझ्या घरात नव्हता. दहा सेकंदांत त्यांच्या पोटात जे तुटलं ते माझ्या तुटलं नाही, हे खरंच आहे. मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी, गोफर्ससाठी, म्हणजे मिनेसोटाच्या संघासाठी नव्हे. पण मग शाहू स्टेडियमवर पेठेची जी जुनी खोडं कट्ट्यावर बसून सामना बघतात, त्यांच्या शेजारी आजोबांना नेऊन बसवलं असतं तर त्यांना तिथलं कितपत कळलं असतं? मला वाटतं, पहिल्या पंधरा मिनिटांत सगळं. त्यांनी रेफरीला शिव्या घातल्या असत्या. भाषेचा प्रश्न आला नसता.

आता नवीन वारं आलंय. कॅनडाच्या ज्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेली पोरं व्यावसायिक समजून अमेरिकन कॉलेजांना इतकी वर्षं बंद होती, तिची दारं २०२५ च्या ऑगस्टपासून उघडली. युकॉनचा गॅव्हिन मॅकेना, त्याच्या वयाच्या खेळाडूंत सर्वांत गाजलेला, पहिल्याच वर्षी पेन स्टेटला आला. मिनेसोटाही मागे राहणार नाही, राहून चालणारच नाही. आजोबांना हे पटलेलं नाही. "मरियुची असते तर," अशी सुरुवात करून ते कुंपणाशी अर्धा तास बोलले. मी त्यांना विचारलं, १९४८ च्या त्या पहिल्यावहिल्या मिशिगन संघात वॉली ग्रँट नावाचा जो खेळाडू होता, तो कुठला? त्यांना माहीत होतं. ईव्हलेथचाच. म्हणजे पहिला कपसुद्धा तुमच्याच गावच्या पोराने नेला, परक्यांच्या जर्सीत, कॅनडियनांच्या मांडीला मांडी लावून. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला इथून कोणी बोलावलंच नसेल. इथल्या लोकांना काय अक्कल होती तेव्हा."

माझी काळजी वेगळी आहे. कॅनडाची तयार पोरं आली की ती जाणार कुठे, तर जिथे नवं कोरं स्टेडियम आहे आणि पैसा आहे. पेन स्टेटचा सगळा हॉकी संघच एका धनाढ्य माणसाच्या देणगीवर उभा राहिला आणि त्यातून बिग टेन लीग झाली, जुन्या लीगा फुटल्या, मिनेसोटा आणि डुलूथ, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा हे दरवर्षीचे सामने विस्कळीत झाले. त्यातच आता हे. २०२५ ला कॅलामाझूच्या वेस्टर्न मिशिगनने पहिल्यांदाच कप जिंकला तेव्हा वाटलं, अजून जागा आहे. पण दोन हजार मुलांचं कॉलेज मॅकेनासारख्या पोराला काय देणार? रात्री बारा वाजताचा रिंक? मार्चमध्ये सोळा संघांची यादी जाहीर होते, सहा लीगांचे विजेते आणि उरलेले गणिताच्या सूत्राने. त्या यादीत होटन, पॉट्सडॅम, ट्रॉय, स्केनेक्टडी अशा कोपऱ्यातल्या गावांच्या कॉलेजांपैकी कोणी दिसतंय का, हे मी आधी बघते. गोफर्स कितवे आलेत ते नंतर. आजोबांना हे अजून सांगितलेलं नाही.